दाराबाहेरचं भांडण

मी सुरमई कापत होतो आणि बायको मला पुस्तकातली लढाई वाचून दाखवत होती. आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम ते. मी जेमतेम शिकलेला, वाचायचं काम तिचं. वरच्या मजल्यावरचं कुटुंब कायमचं गावी गेलं, त्यांनी टाकलेलं हे पुस्तक. पोलंडातली पाच-सहाशे वर्षांपूर्वीची लढाई. शेजारच्या मुलखातलं धर्मयुद्ध मिटलं होतं, तरी इकडं येशूला मानणारेच एकमेकांवर तुटून पडले. हरलेला सरदार मेला. तीन दिवस प्रेत मैदानात नागडं पडून.

"शी! कुणी चादरही टाकली नाही?" ती म्हणाली.

"हरामखोर सगळे."

"तुम्ही तुकडे जाड करताय. सरदार राहू दे, सुरमई बघा."

दुपारी ती मोरीत पडली. इस्पितळात नेईपर्यंत संपली होती.

कफीलच्या, म्हणजे ज्याच्या नावावर माझा व्हिसा त्या सौदी मालकाच्या सह्या, इकाम्याचे, राहण्याच्या परवान्याचे कागद, यात दोन दिवस गेले. नोकऱ्या सौदींनाच द्यायचा सौदीकरणाचा कायदा आल्यापासून दुकानात काउंटरवर सौदी माणूस बसला होता आणि मी मागच्या गोदामात. बायका-पोरांवर सरकारी फी लागली तशी आमच्या कोकणातली कुटुंबं एकेक करून गेली. तिला ओळखणारी एकही बाई उरली नव्हती. तिनं मला आधीच बजावलं होतं, "मेले तर मला परक्या हाती देऊ नका. गुसल तुम्ही द्या." मी हो म्हटलं होतं. आम्ही शाफई पंथाचे, आमच्यात नवरा बायकोला शेवटची आंघोळ घालू शकतो.

मशिदीमागच्या गुसलखान्यात तिला आत फळीवर ठेवलं, आणि मी आत जाणार तोच दारात खालच्या मजल्यावरचा शेजारी आडवा आला. हनफी पंथाचा, लखनौकडचा. पंधरा वर्षं एका ताटात जेवलेला माणूस.

"चाचा, मौत के बाद निकाह खत्म. आप हाथ नहीं लगा सकते."

"तुमच्यात नसेल. आमच्यात चालतं."

"आप लोगों में तो सब चलता है."

झालं. माझं डोकं फिरलं. मी त्याच्या मौलवीपासून बापापर्यंत सगळे काढले. त्यानं माझी कॉलर धरली, मी त्याची दाढी. आजूबाजूचे जमले, कुणी त्याच्या बाजूनं, कुणी माझ्या. आतून कुणीतरी मला दोनदा हाक मारली होती म्हणे. मी ऐकली नाही. मला जिंकायचं होतं.

आणि जिंकलोही. एका बुजुर्गानं सांगितलं, "इनके मज़हब में जायज़ है." शेजारी बाजूला झाला.

तेवढ्यात दार उघडलं. मयत धुणारी सुदानी बाई ओले हात पुसत बाहेर आली.

"खलास, बाबा."

कफन बांधून झालं होतं. कापराचा वास येत होता. तिथला सौदी रखवालदार मला म्हणाला, "तू नवरा ना? मग आत का नाही आलास? तुला कोण अडवणार होतं?"

शेजाऱ्याची किळस आली, पण ती थोडी. तिला फळीवर ठेवून मी बाहेर दाढ्या उपटत होतो, ती स्वतःची किळस जात नाही. असरच्या, दुपारच्या नमाजानंतर दफन झालं. खांदा द्यायला शेजारी होता. मी त्याला हटवलंही नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी इस्पितळानं दिलेली पिशवी उघडली. तिचा सलवार-कमीज, ओढणी. बालदीत भिजवले आणि हातानं धुतले. मशीन होतं, लावलं नाही. साबण संपेपर्यंत धुतले. शेजाऱ्यानं दार वाजवलं, "चाचा, नाश्ता लाया हूँ." मी ओढणी पिळत राहिलो. त्यानं परत वाजवलं. मी पाणी बदललं आणि ओढणी पुन्हा भिजत घातली.