ओलोग्बो, मुसू, भाटी

तळवड्याच्या आमच्या सोसायटीतला दुसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट आम्ही एका नायजेरियन जोडप्याला भाड्याने दिला होता. तो जवळच्याच आयटी कंपनीत, ती घरी बसून ऑनलाइन शिकवायची. जिन्याखाली एक करडं मांजर राहायचं. ती त्याला रोज संध्याकाळी दूध ठेवायला उतरायची, आणि बाकावर माझ्या सासूबाई बसलेल्या असायच्या.

"तुमच्यात मांजराला काय म्हणत्यात गं?" एकदा दोघंही खाली आले होते तेव्हा सासूबाईंनी विचारलं. मी ते त्यांना इंग्रजीत सांगितलं.

"ओलोग्बो," तिचा नवरा म्हणाला.

"ओलोगिन्नी!" बायकोने मध्येच तोडलं. दोघंही योरुबाच बोलणारे, पण गावं वेगळी. तिच्या आजोळी तर म्हणे 'मुसू' म्हणायचे. दोघं हसत हसत भांडायला लागले.

सासूबाई खूश झाल्या. "आमच्यावाणीच हाय की! आमी मांजार म्हणतो, सून भाटी म्हणती."

मी कोकणातली. लग्न होऊन आले तेव्हा मी भाटी म्हटलं की घरभर हशा पिकायचा, आणि त्यात सासूबाई पुढे असायच्या. मग मी तो शब्द बोलायचाच सोडून दिला. त्या दिवशी तो त्यांच्याच तोंडून निघाला आणि कोणी हसलं नाही.

पावसाळा संपता संपता ते मांजर दिसेनासं झालं. आठवड्याभरात सोसायटीच्या ग्रुपवर कुजबुज सुरू झाली आणि रविवारी मीटिंग बोलावली. जोडप्याला बोलावलंच नव्हतं.

"त्यांच्याकडे खातात असलं काहीतरी," सेक्रेटरी म्हणाले. "वहिनी, फ्लॅट रिकामा करून घ्या."

"कोणी बघितलं?"

"बघायचं काय त्यात? सगळ्यांना माहितीये."

मी उभी राहिले. "ती बाई रोज त्या भाटीला हाका मारून दूध पाजायची. तुमच्यापैकी कोणी कधी वाटीभर पाणी तरी ठेवलं?"

मागे कोणीतरी फिस्सकन हसलं. "भाटी म्हणे!"

"हो, भाटी," मी म्हटलं. "आणि फ्लॅट रिकामा होणार नाही."

"मग कमिटीला ठराव करावा लागेल."

तेवढ्यात सासूबाई काठी टेकत उठल्या. "कर की ठराव. ही बिल्डिंग उभी राहायच्या आधी हितं आमचा हरभरा व्हता. माझ्या घरात कोन राहनार, ते मी ठरवनार. पोरगी जानार न्हाई म्हंजे न्हाई."

ठराव झालाच नाही. पण चार घरांनी आमच्याशी बोलणं टाकलं, आणि संक्रांतीला हळदीकुंकवाची बोलावणी आली नाहीत. मग सासूबाईंनी हळदीकुंकू आमच्याच घरी ठेवलं. त्या मुलीला पहिल्या पाटावर बसवलं आणि ज्यांनी बोलणं टाकलं होतं त्यांनाही निरोप धाडले. दोघी आल्या, बाकीच्या आल्या नाहीत.

मांजर शेवटपर्यंत सापडलं नाही. सापडलं असतं तर बरं झालं असतं, सगळ्यांची तोंडं बंद झाली असती, असं माझी एक मैत्रीण अजून म्हणते. मला नाही पटत. एक मांजर परत येईपर्यंत त्या दोघांनी मान खाली घालून जगायचं का?

पुढे त्याला दुसऱ्या शहरात नोकरी मिळाली तेव्हाच ते गेले. भर दुपारी, सगळ्यांच्या देखत, टेम्पोत सामान भरून. सासूबाई गेटपर्यंत गेल्या होत्या.