एकशे तेरावा फेरा

दोरखंडाच्या कारखान्यातील तेलवाल्याचे सारे आयुष्य दोन दातेरी चाकांना तेल देण्यात गेले. मोठ्या चाकाला एकशे सत्तावीस दात होते, लहान चाकाला एकशे तेरा. दोन्ही चाकांच्या एकेका दाताचा टवका उडालेला होता. ते दोन दात समोरासमोर आले की यंत्र ठोक्यासरशी हिसका देत असे. अशाच एका हिसक्यात त्याचा थोरला भाऊ रोलरमध्ये ओढला गेला आणि जिवास मुकला. भावाच्याच स्टुलावर बसून आता तेलवाल्याची लेक रोलरमध्ये ताग सोडीत असे.

उतारवयात तेलवाला प्रौढांच्या वर्गात गुणाकार शिकला. दोन्ही चाकांचे दात गुणून आलेले चौदा हजार तीनशे एक्कावन्न हे उत्तर त्याने शिकविणाऱ्या बाईंना टवक्यांची हकीकत सांगून दाखविले. बाईंनी त्या संख्येस दोन, तीन, पाच, सात यांनी भागून पाहिले. प्रत्येक वेळी बाकी उरली.

"आजोबा, एकशे तेरा आणि एकशे सत्तावीस, दोन्ही मूळ संख्या. एक आणि ती स्वतः सोडली, तर हिला भागणारे हे दोघेच. एवढी मोठी संख्या, पण घरात माणसं मोजकी! तितके दात सरल्याशिवाय तुमचे ते टवका उडालेले दात पुन्हा भेटायचे नाहीत."

तितके दात म्हणजे मोठ्या चाकाचे एकशे तेरा फेरे. तेव्हापासून तेलवाला दर फेऱ्यास भिंतीवर खडूची रेघ ओढी आणि शेवटच्या फेऱ्यास ओरडे, "हात वर!" लेक हात उचली. सहा वर्षे हिशेब एकदाही चुकला नाही.

मग मुकादमाने लहान चाक बदलले. नवे चाक एकशे बारा दातांचे होते.

"एका दातानं काय आभाळ कोसळतंय? आणि नव्या चाकाला टवका तरी कुठाय? खडू घरी ठेवा."

"बाबा, आता तरी माझं डोकं खाऊ नका," लेक हसली.

तेलवाल्याने तरीही रेघा ओढल्या. नव्या हिशेबाने एकशे बाराव्या फेऱ्यास सुरुवातीला भेटलेले दातच पुन्हा भेटणार होते. तो फेरा निमूटपणे गेला.

"झालं समाधान?" मुकादम म्हणाला.

पुढचा, एकशे तेरावा फेरा सरत आला, तेव्हा तेलवाल्याचा खडू भिंतीवरच थांबला.

"हात वर!"

लेकीने सवयीने हात उचलले. ठोका बसला. तिच्या बोटांखालचा ताग एका झटक्यात आत गेला.

यंत्र थांबवून मुकादमाने नव्या चाकाचा एकेक दात बोटांनी चाचपला. सगळे धड होते. मोठ्या चाकाचा टवका उडालेला दात ज्या दातासमोर थांबला होता, तोही कोरा करकरीत होता.

त्याने बोटांचे तेल पुसले.

"उद्या इथं कोणाला बसवू?" मुकादमाने खालच्या आवाजात विचारले.

"मला," तेलवाला म्हणाला. "पोरीला नाही."

"बाबा, मग मोजणार कोण?"

तेलवाल्याने खडू तिच्या हातात दिला.

दुसऱ्या दिवशी तो स्टुलावर बसला. चाक फिरू लागले. लेक भिंतीशी ओठातल्या ओठात पुटपुटत होती.

"मोठ्यानं मोज, पोरी," तो मान न वळवता म्हणाला. "मला ऐकू आलं पाहिजे."