कापसात ठेवलेलं झुंबर

आमच्या घरी पिढीजात झुंबर आहे असं सांगितलं की लोक आधी माझ्याकडे बघतात, मग माझ्या चपलांकडे. त्यांचं चुकत नाही. झुंबर असावं असं आमचं घराणंच नाही. आजोबा कापसाच्या एका जिनिंग कारखान्यात वायरमन होते. मालकाचा बंगला पाडायचा ठरला तेव्हा छताचं झुंबर उतरवायला त्यांनाच वर चढवलं, आणि ते झुंबर घेऊन खाली आले तेव्हा मालक म्हणाला, तूच घेऊन जा. आजोबांनी ते बैलगाडीतून घाटंजीला आणलं आणि टिनाखालच्या लोखंडी पाइपाला टांगलं. पुढे टिन जाऊन स्लॅब आला. आजोबा गेले, मग बाबा गेले. झुंबर आईकडे राहिलं.

बारा फांद्या, आणि प्रत्येक फांदीच्या टोकाला एक काचेचं फूल. रंग दुधी हिरवा, पाकळ्यांच्या कडा जराशा गुलाबी. तोंडाने फुंकून घडवलेली काच असल्यामुळे एक फूल दुसऱ्यासारखं नाही. कोणी म्हणतं बेल्जियमचं, कोणी म्हणतं इटलीचं. आमच्याकडे कागद कसलाच नाही. दर पौर्णिमेला बुद्धवंदनेच्या आधी आई स्टुलावर चढून एकेक फूल ओल्या फडक्याने पुसायची. दुसऱ्या कोणाला हात लावू द्यायची नाही. पंच्याहत्तरी ओलांडली तरी चढायचीच.

यंदा पावसाळ्यात ती न्हाणीत घसरून पडली. मनगटावर निभावलं, पण शेजारीण येईपर्यंत बराच वेळ ती तशीच ओल्या फरशीवर पडून होती. तेव्हापासून माझ्या जिवाला स्वस्थता म्हणून नाही. मुळात मी काळजीखोर, त्यात हे. तिने पहिल्या दोन रिंगांत फोन उचलला नाही की मी लगेच शेजारणीला पळवायची, आणि आई मजेत भाजी निवडत बसलेली असायची. यवतमाळजवळ लोहाऱ्याला माझ्या घरात एक खोली रिकामी पडलेली. चल म्हटलं की तिची कारणं तयार. नळाची वेळ, मांजर, गल्लीतल्या कोणाचं तरी बाळंतपण. मी चिडायची, ती विषय बदलायची. दिवाळीनंतर एकदा ती आपणहून म्हणाली, "झुंबर नेत असशील तं येईन. पण अख्खं गेलं पाह्यजे. एक फूल जरी फुटलं तं मी आपली इथंच बरी."

बाई मोठी हुशार. काचेची बारा फुलं चाळीस-पंचेचाळीस किलोमीटर शाबूत जाणार नाहीत, हे तिलाही कळत होतं आणि मलाही.

तोड काढली मामाने, म्हणजे आईच्या धाकट्या भावाने. त्याचा कापूस यवतमाळला जिनिंगवर जायचाच होता. "कापसात ठेवू," तो म्हणाला. "कापसाहून नरम काय असते? लेकरावानी झोपून जाईन ते." मला पटलं. आदल्या दिवशी इलेक्ट्रिशियन बोलावून फांद्या सुट्या केल्या. आईने आपली जुनी लुगडी काढली आणि एकेक फांदी स्वतः गुंडाळली. मनगट अजून दुखत होतं. मी मदतीला हात पुढे केला की ती फांदी दुसरीकडे फिरवायची.

सकाळी मामा पिकअप घेऊन आला, अर्धी कापसाने भरलेली. गाडीच्या मागच्या फळीजवळ, फाळक्याजवळ, आम्ही कापसात खड्डा केला, गाठोडी एकेक करून त्यात ठेवली, वरून कापूस पसरला. मामाने पोत्यांत आणलेला उरलेला कापूसही वर ओतायला घेतला. मी आईच्या औषधांची पिशवी आणायला आत गेले. पाचच मिनिटं.

बाहेर येऊन बघते तर मामा ढिगावर चढलेला. कठड्याला धरून, गुडघाभर रुतून, एकेक पाय दाबत कापूस तुडवत होता. चाळीस वर्षं तो गाडी अशीच भरत आला आहे. कापूस ओतला की वर चढायचं आणि खुंदून खुंदून बसवायचा, म्हणजे आणखी माल मावतो. त्याचे पाय फाळक्यापर्यंत पोचले होते.

"मामा."

तो थांबला. आधी माझ्याकडे बघितलं, मग पायांकडे. त्याचं तोंड कापसासारखंच पांढरं पडलं. "पाय आपोआप चालले बापा," तो पुटपुटला.

मागच्या दाराला कुलूप लावून आई पुढे येत होती. मी मामाला डोळ्यांनीच उतर म्हणून खुणावलं. उकरून बघितलं तर आईसमोर बघावं लागणार, आणि एक जरी तुकडा निघाला तर ती मागे फिरणार. ती पुन्हा त्या न्हाणीत, आणि मी पुन्हा त्या फोनवर. मी फाळका लावला, ताडपत्री बांधली. आईशी मी आयुष्यात फारसं खोटं बोललेली नाही. ते काही चांगुलपणातून नाही, ती पकडते म्हणून.

गाडी मामा चालवत होता, मी मधे, आई खिडकीशी. रस्ता नवा झालाय म्हणतात, पण त्या दिवशी प्रत्येक खड्डा आमच्याच वाट्याला आला. प्रत्येक दणक्याला माझे कान मागे लागायचे. कापसातून आवाज येत नाही, हीच पंचाईत. फुटलं असेल तरी कळणार नाही, नसेल तरी कळणार नाही. एरवी गाडी चालवताना ज्याच्या तोंडाचा पट्टा थांबत नाही तो मामा घाटंजीपासून नुसता आरशातून मागे बघत होता. आईने एकदाही हळू चालव म्हटलं नाही. तिला झोप लागली असेल, असं मी मनाला समजावलं. पण डोळे उघडे होते.

घरी पोचल्यावर गाठोडी बैठकीत सतरंजीवर मांडली. आई खाली बसली आणि सोडायला लागली. पहिली फांदी धड. दुसरी, तिसरी धड. चौथ्या लुगड्यातून काचेचा चुरा सांडला. बाराही सोडून झाल्या तेव्हा तीन फुलं गेली होती आणि एक फांदी मधोमध तुटली होती. मामा दारातच उभा होता, आत यायला तयार नव्हता.

मला रडू फुटलं. म्हटलं, "आई, चूक माझी आहे. मला माहीत होतं. मी सांगितलं नाही."

"मले बी माहीत होतं," आई म्हणाली. "घरातल्या खिडकीतून दिसून राह्यलं होतं ना. तुडवून राह्यला होता तो."

"मग बोलली का नाहीस?"

ती लुगड्यातला चुरा एका कोपऱ्यात गोळा करत होती. "बोलली असती तं तुम्ही गाडी रिकामी केली असती. फुटकं फूल निंगालं असतं तं मले घरात जाऊन बसा लागलं असतं, माह्याच तोंडचा शब्द होता तो. मंग परत कोनं नेलं असतं मले?" मग माझ्याकडे न बघता ती म्हणाली, "तिथं एकटीले भेव वाटते वं आता."

भेव हा शब्द आईच्या तोंडून स्वतःबद्दल मी कधी ऐकला नव्हता. मी इतके महिने माझ्याच काळजीत होते. तिने लुगड्याची गाठ मारली, ते माझ्या हातात दिलं आणि विचारलं, "माही खाट कोनत्या खोलीत हाय?"