लाल काच

कॉलेजच्या वार्षिक अंकात बक्षीस मिळालेल्यांचे आईवडिलांसह फोटो छापायचे होते. माझा फोटो रंगीत होता. समारंभात एका वर्गमित्राने तो काढला होता. त्याच्या काकांनी आफ्रिकेहून रंगीत रोल पाठवला होता. पण अंकासाठी काळा-पांढराच लागे.

फोटोत वडील हात पुढे बांधून उभे होते. ते मिलच्या रंगखात्यात होते. त्या आठवड्यात लाल माल चालू होता, म्हणून हात मनगटापर्यंत लाल.

गुजराती स्टुडिओवाल्याने रंगीत फोटोचाच फोटो काढून दिला. त्यात हात कोळशासारखे काळे आले.

"लाल तो काळो ज आवे, भाई," तो म्हणाला. मग फोटो जवळ धरून हसला, "बापा होळी रमीने आव्या के शुं?" वडील होळी खेळून आले की काय?

मी म्हणालो, "हा, होळी."

वडील काय काम करतात, एवढं मला सांगता आलं नाही.

त्याने उपाय सांगितला. कॅमेऱ्यापुढे लाल काच धरली की लाल रंग पांढरा येतो. मी लगेच होकार दिला. दुसऱ्या दिवशी प्रत मिळाली. वडिलांचे हात एखाद्या मास्तरासारखे स्वच्छ होते. मी फक्त हातच पाहिले आणि लिंबायतला घरी आलो.

आईने फोटो घेतला आणि तिचा चेहरा उतरला. "मनं कुकू कोठे गयं, भाऊ?" तिने मला विचारलं.

तिचं कपाळ कोरं होतं. शेजारी नवरा उभा, आणि कपाळ कोरं.

"मी जित्ता शे ना आजून!" वडील हसत म्हणाले. आई हसली नाही.

"स्टुडिओवाल्याची चूक झाली," मी म्हणालो.

"मुडदा पडो त्या फोटोवालाना!" आई म्हणाली.

वडिलांनी फोटो उजेडात नेला. आधी कपाळ पाहिलं, मग स्वतःचे हात. रंगखात्यातल्या माणसाला वेगळं सांगावं लागलं नाही. "फोटोवालाले बोलू नको," ते आईला म्हणाले. "लाल रंगच काढी टाकेल शे." माझ्याकडे त्यांनी पाहिलं नाही. डबा घेऊन पाळीला गेले.

मी पुन्हा स्टुडिओत गेलो. त्याने बारीक ब्रशने आईच्या कपाळावर काळा ठिपका काढला. "बीजुं कंई?" त्याने विचारलं, आणखी काही?

मी नाही म्हणालो. अंकात तोच फोटो छापून आला.