गाड्या उजवीकडूनच बिघडतात

सगळ्या गाड्या उजवीकडूनच बिघडतात, असं गॅरेजवाल्या कानसेनचं अलीकडचं मत आहे. मत कसलं, सिद्धान्तच. रस्त्याचा उतार, ड्रायव्हरचं वजन, दुपारचं ऊन अशी कारणंही तो तोंडावर फेकतो. खरं कारण समोरच्या पंक्चरवाल्यालाही ठाऊक आहे. कानसेनचा डावा कान गेला आहे, आणि एकाच कानाने ऐकणाऱ्याला प्रत्येक आवाज त्याच बाजूने आल्यासारखा वाटतो. पण हे त्याला सांगणार कोण? त्याचं सगळं दुकान त्या कानांवर चालतं. "गाडी उचलून खाली डोकावणं हे बहिऱ्यांचं काम," असं तो छाती फुगवून म्हणतो.

कानसेन हे नाव गिऱ्हाइकांनी ठेवलं, तेव्हा त्यात कौतुक होतं. आता नाव तेच आहे, ते घेताना येणारं हसू तेवढं बदललं आहे.

अशा माणसाकडे त्याच्या धाकट्या बहिणीच्या नवऱ्याने आपली टॅक्सी आणली. नातं आडवं आलं, दुसरं काय! गाडी जुनी. गतिरोधकावरून उतरताना पुढून खटखट वाजायची, आणि हवेचा नॉब कुठेही फिरवा, वारा समोरच्या काचेवरच. एका हॉटेलला पाहुण्यांची ने-आण करायला कायमची टॅक्सी हवी होती. तिथला मॅनेजर स्वतः बसून गाडी पाहणार होता. हे काम हुकलं तर टॅक्सी विकायची, असं घरात ठरलं होतं.

कानसेन मेहुण्याच्या शेजारी बसून एक चक्कर मारून आला, डोळे मिटून. "उजवा शॉकअप. आणि एसीचा गॅस संपलाय."

"अहो दादा, हवा गारच येते. फक्त तोंडावर येत नाही."

"भाऊजी, गाडी चालवता की दुरुस्त करता?"

भाऊजींनी किल्ली त्याच्या हातात दिली. उजवा शॉकअप बदलला, गॅस भरला. खटखट होती तशीच. मग उजवा रबरी बुश बदलला. मग कानसेनने उजव्या दाराची बिजागरी आवळली, ज्याचा या प्रकरणाशी काडीचाही संबंध नव्हता.

मॅनेजर येण्याच्या आदल्या दिवशी बहीण स्वतः गॅरेजात उभी राहिली. तिने नवऱ्याला स्टेअरिंग पूर्ण वळवायला लावलं, डाव्या चाकामागे हात घालून तिथली लिंक रॉडची दांडी मुठीत धरली आणि म्हणाली, "आता उतरा, आणि या कोपऱ्यावर जोर देऊन गाडी हलवा." गाडी हलली तसा ठोका तिच्या तळहातावर बसला.

"दादा, हे बघ, डावीकडे आहे."

"आवाज उजवीकडून येतोय. मला ऐकू येतंय ना!"

ती उठली, त्याच्या डाव्या खांद्याशी गेली आणि हळूच म्हणाली, "दादा, तुझं गॅरेज पेटलंय."

कानसेन पाना पुसत राहिला.

"गाडी काढा," ती नवऱ्याला म्हणाली.

पलीकडच्या गल्लीतल्या गॅरेजात डावी लिंक रॉड बदलली. नॉबच्या मागे एक केबल निसटून लोंबत होती. हवेची दिशा बदलणारी झडप त्यामुळे जागची हलत नव्हती. केबल चापात अडकवली, वारा तोंडावर आला. गॅस भरून जे होणार नव्हतं, ते एका चापाने झालं. दुसऱ्या दिवशी मॅनेजर मागच्या सीटवर बसला, गतिरोधकांवरून निमूट गेला आणि उतरताना उद्यापासून या म्हणाला.

बातमी कळताच कानसेन बहिणीच्या घरी हजर. चहा हातात, पाय पसरलेले. "उजवी बाजू मी आधी शांत केली, म्हणून तर डावी ऐकू आली तुम्हाला. पाया मी घातला, कळस दुसऱ्याने चढवला."

"दादा, एकदा कान तपासून घे," बहीण म्हणाली.

"कशाला? उजवा ठणठणीत आहे की."

भाऊजींनी मान वर केली. म्हणजे याला माहीत होतं. माहीत असूनही याने चांगला शॉकअप काढून फेकला होता, आणि गाडी विकायची वेळ आली असती तरी हा उजवीकडेच बोट दाखवत राहिला असता.

बहिणीने त्याच्या हातातला कप काढून घेतला. अर्धा चहा अजून त्यात होता.