बाहेरची कडी

लेकीची पाण्याची बाटली शाळेतून भरलेलीच परत यायला लागली, तेव्हा मी आधी तिलाच झापलं. "अगं, बाटली काय शोभेला नेतेस?" आमच्या विश्रांतवाडीत मार्चच्या उन्हानं जीव नकोसा होतो आणि ही पोर दिवसभर थेंबभर पाणी पीत नव्हती.

मग ताप आला, लघवीला जळजळ सुरू झाली. डॉक्टरीणबाई तिच्याशी एकटीशी बोलल्या आणि नंतर मला आत बोलावलं. "ती पाणी पीत नाही, कारण तिला शाळेच्या बाथरूममध्ये जायची भीती वाटते. मुली तिला आत कोंडतात."

सुट्टीच्या दिवशी कुत्री शिरू नयेत म्हणून शाळेनं बाथरूमच्या दारांना बाहेरूनही कड्या बसवल्या होत्या. तिच्याच वर्गातल्या, सातवीतल्या तिघीजणी ती कडी लावायच्या आणि बाहेर उभ्या राहून खिदळायच्या. त्यांची पुढारी आमच्याच सोसायटीतली, खालच्या मजल्यावरची. लहानपणी आमच्या स्वयंपाकघरात माझ्या लेकीबरोबर एका ताटात जेवलेली. माझं डोकंच फिरलं.

शाळेत गेले. मुख्याध्यापिका म्हणाल्या, "मुलींचं चालायचंच हो." तरी त्यांनी चौघींना बोलावलं, सॉरी म्हणायला लावलं, मिठी मारायला लावली, चॉकलेट दिलं. वर्गशिक्षिकेनं फोटो काढून पालकांच्या ग्रुपवर टाकला, "भांडण मिटलं, मैत्री जुळली!" खाली फुलं, बदाम, जोडलेले हात. काय ही आपली पद्धत! पोरांनी मिठी मारली की मोठे हात झटकून मोकळे. फोटोत माझ्या लेकीचे हात स्वतःच्याच अंगाला घट्ट चिकटलेले होते.

तक्रार कुणी केली ते आता सगळ्या वर्गाला कळलं होतं. दुसऱ्या दिवशी मोठ्या सुट्टीत तिला पुन्हा कोंडलं आणि घंटा झाली तरी कडी काढलीच नाही. झाडू मारणाऱ्या मावशींना आवाज आला म्हणून सुटका झाली. मी पोहोचले तेव्हा दार बडवून तिचे तळवे सुजले होते आणि ओरडून घसा बसला होता. रिक्षात ती एवढंच म्हणाली, "आई, मी आता शाळेत जाणार नाही. कधीच नाही." हे ती इतकं शांतपणे म्हणाली, की मी घाबरले.

तिला घरी सोडून मी थेट खालच्या मजल्यावर, त्या पुढारी मुलीच्या आईकडे गेले. "माझी मुलगी तसली नाही," असं त्या बाई मला आधी एकदा ऐकवून बसल्या होत्या. आता म्हटलं, "तिलाच विचारा." मुलगी बाहेर आली. "गंमत केली गं मम्मी. ती काय, लगेच रडते." आणि हसली. माझा हात नुसता शिवशिवत होता. बाईंचा चेहरा मात्र पडला. "तुम्ही जा," त्या म्हणाल्या, "सकाळी शाळेत भेटू." मला वाटलं, कटवतायत.

सकाळी ह्यांनी खडकीला ड्यूटीवर निघताना बजावलं, "भांडू नकोस." म्हटलं, "अहो, तुम्ही जा कामावर."

शाळेत खालच्या बाई माझ्या आधीच हजर, आपल्या लेकीला घेऊन. बाकी दोघींचे आईवडीलही आले होते. मी म्हटलं, "बाहेरच्या कड्या काढा." मुख्याध्यापिका म्हणाल्या, "बघू, मॅनेजमेंटला विचारावं लागेल." तेवढ्यात खालच्या बाईंनी पर्समधून स्क्रू ड्रायव्हर काढला. "विचारा की तुम्ही. तोवर मी काढते."

"अहो, अहो," करत मुख्याध्यापिका मागून धावल्या. बाई दारापुढे उभ्या राहून स्क्रू पिळत होत्या आणि निघालेला एकेक स्क्रू लेकीच्या हातात ठेवत होत्या. "धर. हीच ना तुझी गंमत?" तिसऱ्या दाराशी ती मुलगी रडायला लागली. या वेळी तिला कुणी सॉरी म्हणायला लावलं नाही, कुणी फोटोही काढला नाही. मुख्याध्यापिका बघत राहिल्या आणि मग शिपायाला म्हणाल्या, "वरच्या मजल्यावरच्याही काढून टाक."

मोठ्या सुट्टीत वर्गशिक्षिका आणि एक पालक आळीपाळीनं बाथरूमबाहेर थांबतील, असं तिथेच ठरलं. पहिली पाळी खालच्या बाईंनी मागून घेतली. संध्याकाळी वर्गशिक्षिका आमच्या घरी आल्या. लेकीसमोर बसून म्हणाल्या, "फोटो टाकायला नको होता मी. तुला कुणाला माफ करायची गरज नाही. काय केलं तर येशील, ते तू सांग."

लेकीनं चादरीचं टोक चिवडत विचारलं, "कड्या खरंच काढल्या?"

सोमवारी ती गेली. मी दिवसभर काही खाल्लं नाही, फोन हातातून ठेवला नाही. दुपारी शाळेची व्हॅन आली तेव्हा मी सोसायटीच्या फाटकाबाहेरच उभी होते. ती उतरली, दप्तर माझ्या अंगावर टाकलं आणि म्हणाली, "आई, घरी चल ना लवकर, तहान लागलीये. बाटली कधीच संपली."

मी तिथेच, भर रस्त्यात रडायला लागले.

"आई, काय गं," ती पुटपुटली, "सगळे बघतायत."