शिडीकाकांचा खांदा

उंचीमुळे या रंगाऱ्याला सगळे शिडीकाका म्हणत. काकांना त्याचा इतका अभिमान, की खऱ्या शिडीला हात लावणं म्हणजे त्यांना अपमान वाटे.

लस घेतल्यावर उजवा खांदा दुखला, तेव्हा "दोन दिवसांचा पाहुणा," म्हणून त्यांनी सोडून दिलं. पाहुण्याने मात्र चांगला महिनाभर मुक्काम ठोकला. हात वर जाईना. कबूल कोण करणार? काका केस विंचरेनासे झाले आणि म्हणाले, "मोकळे बरे दिसतात."

"अहो, पाखरं घरटं बांधतील त्यात," काकू म्हणाल्या आणि त्यांना डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेल्या.

बाईंनी हात फिरवून पाहिला. "सुई जरा वर लागली असावी. क्वचित होतं असं. पुढची लस घ्याच, पण दुसऱ्या हाताला. सध्या जड काम बंद. रोज व्यायाम. बहुधा बरं होईल, पण वेळ लागेल."

व्यायाम असा: भिंतीकडे तोंड करून उभं राहायचं, बोटं मुंगीसारखी वर चालवायची आणि थांबतील तिथे पेन्सिलीने खूण करायची. काकूंनी नेमकी बैठकीची भिंत निवडली.

"पेन्सिल? माझ्या भिंतीवर?"

"मग काय, शेजाऱ्यांकडे जाऊन चढवायची मुंगी?"

पहिली खूण काकूंच्या नाकाशी आली. "आलात एकदाचे माझ्या उंचीला!"

चौथ्या दिवशी खूण एकदम वीतभर वर गेलेली दिसली. काकूंनी चष्मा पुसला. "ही मुंगी की माकड?" काकांनी डाव्या हाताने चोरून काढली होती, हे मग कबूल करावं लागलं.

पुढच्या आठवड्यात खूण तसूभरही हलली नाही. काका जमिनीवरच बसले. "हा हात उठलाच नाही तर गं?"

या वेळी काकूंनी थट्टा केली नाही. गरम पाण्याची पिशवी खांद्यावर धरून बराच वेळ शेजारी बसल्या. म्हणाल्या, "छतं कुठे पळून जात नाहीत. उद्या पुन्हा बघू."

तीन महिन्यांनी काका कामावर गेले. हात अजून पूर्ण मोकळा नव्हता, म्हणून मुकाट्याने शिडी घेतली. एका दिवसाचं छत आता दोन दिवस चालतं. मध्ये खाली उतरून ते खांद्याला विश्रांती देतात आणि तेवढ्या वेळात घरमालकाला रंगांबद्दल सल्ले देतात. छत छान झालं, असं सगळेच म्हणतात. सल्ले थोडे कमी चालतील, असंही म्हणतात.